एकच वेस

कैनाडला वेस नाही. डहाणू-तलासरीकडच्या बहुतेक गावांना नसते. आमच्याकडे गाव म्हणजे पाडे. एक पाडा टेकाडावर, दुसरा ओहोळापलीकडे, मधे भाताची खाचरं आणि ताडाची झाडं. यायला-जायला बांधावरून, शेतातून, जिथून पाय पडेल तिथून वाट. लग्नानंतर सासरी, नारायणगावाजवळ, मी पहिल्यांदा खरीखुरी दगडी वेस पाहिली. सासरे सांगायचे, पूर्वी रात्री दरवाजा लावला की गाव निर्धास्त झोपायचं. आत कोण आलं, बाहेर कोण गेलं, सगळं राखणदाराला ठाऊक. मला तेव्हा प्रश्न पडला होता तो वेगळाच. राखणदारच झोपला, किंवा त्याचंच कुणाशी वाकडं आलं, तर गावकऱ्यांनी काय करायचं?

हे आठवायचं कारण आमचा दादा. तो कैनाडलाच असतो, चिकूची वाडी बघतो. एप्रिल २०२० मध्ये आमच्याच तालुक्यातल्या गडचिंचले इथे जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला ठार मारलं. त्याआधी कितीतरी दिवस पोरं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा होती. त्या घटनेने दादा फार हादरला. तेव्हापासून त्याचं एक मत पक्कं झालंय, की हे इंटरनेट सरकारने एकाच दारातून आत घ्यावं आणि त्या दाराची किल्ली सरकारकडे असावी. वाईट काही येताना दिसलं की दार बंद. "एक नळ, एक चावी," असं म्हणतो.

दादाचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्याने गावातली भीती डोळ्यांनी पाहिलीय. पण त्याला जे हवंय ते आपल्या देशात एकदा होऊन गेलंय, आणि तेही डहाणूपासून गाडीने तीन तासांवर. त्याची गोष्ट इथे लिहून ठेवते. भाचेमंडळींपैकी बऱ्याच जणांना तो काळ ठाऊकच नाही.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगम लिमिटेड या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याआधी ते नव्हतं असं नाही. मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून अर्नेट नावाचं जाळं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेला जोडलेलं होतं, पण ते संशोधक आणि प्राध्यापकांपुरतं. विदेश संचार निगमने दार सगळ्यांसाठी उघडलं, म्हणजे ज्यांच्या खिशात पैसे होते त्यांच्यासाठी. चित्रांसकट इंटरनेट हवं तर वर्षाला पंधरा हजारांच्या घरात रक्कम. विद्यार्थ्यांना पाचशे रुपयांत, पण त्यात पडद्यावर फक्त अक्षरं. सुरुवातीला फोन लागता लागत नसे. लोकांनी इतकी बोंब मारली की निगमचे तेव्हाचे प्रमुख बी. के. सिंगल यांना कमी पडलो हे जाहीरपणे मान्य करावं लागलं. (सरकारी कंपनीच्या प्रमुखाने असं काही कबूल केलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्याबद्दल त्यांना मनातून मार्क दिले होते.)

मी तेव्हा फोर्टात नोकरीला होते. हुतात्मा चौकाजवळ महात्मा गांधी रस्त्यावर विदेश संचार भवनाची उंच इमारत आहे, तिच्यासमोरून रोज जायचे. दुसरी इमारत प्रभादेवीला. देशातल्या कुठल्याही ग्राहकाने परदेशातलं पान मागितलं की ती मागणी या एका कंपनीच्या दारातूनच बाहेर जायची आणि उत्तर तिथूनच आत यायचं. बाकी साऱ्यांना मनाई होती. डहाणूहून कुणाला जोडून घ्यायचं तर आधी मुंबईला एसटीडी लावायचा, म्हणजे दाराशी पोचायलाच भाडं!

या घराण्याची कुळकथा मोठी गमतीची आहे. मुंबईला पहिली समुद्री तार आली १८७० मध्ये. 'ग्रेट ईस्टर्न' नावाच्या महाकाय जहाजाने ती एडनकडे टाकत नेली, आणि पुढे सुएझमार्गे मुंबई लंडनला जोडली गेली. कंपन्या जॉन पेंडर या स्कॉटिश व्यापाऱ्याच्या, पण सगळ्या तारांची गाठ लंडनला. गाठ ज्याच्या हातात, त्याला काय करता येतं ते ऑगस्ट १९१४ मध्ये जगाने पाहिलं. युद्ध पुकारल्याबरोबर इंग्रजांनी जर्मनीच्या समुद्रातल्या तारा तोडल्या. मग जर्मनांना आपले निरोप दुसऱ्यांच्या तारांवरून पाठवावे लागले, आणि त्या तारा इंग्लंडवरून जायच्या. १९१७ चा झिमरमानचा मेक्सिकोला धाडलेला गुप्त निरोप इंग्रजांनी असाच वाचला आणि अमेरिका युद्धात उतरायला त्याचा हातभार लागला. दार फक्त बंद करता येतं असं नाही. दारात बसून प्रत्येकाची पिशवी उघडून बघता येते, आणि पिशवीवाल्याला कळतही नाही.

१९२७ मध्ये खडकीला आणि दौंडला बिनतारी केंद्रं उभी राहिली. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी सरकारने ही परदेशी दळणवळणाची यंत्रणा ताब्यात घेतली, १९८६ मध्ये तिची विदेश संचार निगम झाली. मधल्या काळात, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, आर्वीला विक्रम साराभाईंच्या नावाचं उपग्रह केंद्र आलं. ती प्रचंड तबकडी माझ्या सासरच्या गावापासून जवळच. नवी सून म्हणून मला ती कौतुकाने दाखवायला नेलं होतं, जसं दुसरीकडे देवीच्या दर्शनाला नेतात. यंत्रं बदलली, मालक बदलले, झेंडा बदलला, पण एकच दार ठेवायचं ही पद्धत गोऱ्या साहेबाची ती आपण तशीच पुढे चालवली.

बरं, मग दारवाल्याने काय काय अडवलं? दादाच्या कल्पनेप्रमाणे अतिरेकी, अफवा, अश्लील मजकूर असं काहीतरी आधी अडवलं असेल असं वाटतं. पण नव्वदच्या दशकात निगमने खुबीने अडवलं ते इंटरनेटवरून बोलणं. त्या काळी अमेरिकेला फोन करायला मिनिटाला साठ-सत्तर रुपये पडत. आमच्या आत्याचा मुलगा न्यू जर्सीला होता. आत्या घड्याळ समोर ठेवून बोलायची, आणि निम्मा वेळ "ऐकू येतंय का" यातच जायचा. इंटरनेटवरून बोलायची सोय देणाऱ्या परदेशी कंपन्या तेव्हा निघाल्या होत्या. त्यांची संकेतस्थळं इथून उघडेनाशी झाली. कारण उघड होतं. परदेशी फोनचा मक्ताही त्याच निगमकडे. ज्याच्या हाती वेस, त्याचंच वेशीवर दुकान! देशाच्या सुरक्षेचा इथे संबंध नव्हता, प्रश्न गल्ल्याचा होता. दिल्लीचे अभियंते अरुण मेहता यांनी १९९८ मध्ये याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा कुठे ही गोष्ट चार लोकांत बोलली जाऊ लागली. इंटरनेटवरून बोलण्याला कायदेशीर परवानगी मिळायला १ एप्रिल २००२ उजाडला.

दुसरा प्रसंग कारगिलचा. जुलै १९९९ मध्ये एके दिवशी कराचीच्या 'डॉन' या वर्तमानपत्राचं संकेतस्थळ भारतातून दिसेना. पाकिस्तान दूरदर्शन केबलवर दाखवायला त्याआधीच बंदी आली होती, तिची निदान बातमी झाली होती. इथे मात्र पान नुसतंच उघडत नव्हतं. आपलाच फोन बिघडला, की त्यांचाच संगणक, की कुणी अडवलं, हे ग्राहकाला कळायला मार्ग नव्हता. ज्यांना खटपटी माहीत होत्या ते तिसऱ्याच देशातल्या संगणकामार्फत 'डॉन' वाचत राहिले. अडले ते साधे वाचक. आणि शत्रूचं वर्तमानपत्र वाचून आपलं सैन्य डगमगेल असं कुणाला वाटलं असेल, तर त्याने टायगर हिलवरच्या जवानांना विचारायला हवं होतं.

या दोन्ही प्रसंगांत मला खुपतं ते अडवणं तितकं नाही. युद्धात सरकारने काही बंधनं घालावीत हे मी समजू शकते. खुपतं ते हे, की कुणाला काही सांगावं लागलं नाही. दार एकच, तर ते बंद करायला कुणाची संमती लागत नाही, आणि बंद झालंय हे ताडून बघायला शेजारचं दार नसतं.

नोव्हेंबर १९९८ मध्ये धोरण बदललं. खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे परवाने मिळाले आणि २००० च्या सुमारास परदेशाशी जोडणारी त्यांची स्वतःची दारंही सुरू झाली. फेब्रुवारी २००२ मध्ये निगमची सूत्रं टाटांकडे गेली. मग अडवणं थांबलं का? छे! सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातल्या एका बंडखोर संघटनेचा याहूवरचा एक गट बंद करण्याचा आदेश निघाला. सेवा देणाऱ्यांना नेमका तेवढाच गट वगळता येईना, म्हणून याहूचे सगळेच गट बंद. मराठी मंडळींचे कवितांचे, पाककृतींचे, परदेशस्थांचे केवढे तरी गट तेव्हा तिथे होते. पायात काटा रुतला म्हणून पायच बांधून ठेवला.

आणि जुलै २००६. जुने ब्लॉगवाले हे विसरले नसतील. ११ जुलैला आपल्या पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले. माटुंग्यापासून मीरा रोडपर्यंत, ज्या मार्गावर आमच्या घरातली निम्मी माणसं रोज जात-येत होती. त्यानंतर दोन दिवसांनी दूरसंचार खात्याने काही मोजकी पानं बंद करण्याची यादी कंपन्यांना पाठवली. त्यांनी पुन्हा तेच केलं, अख्खं ब्लॉगस्पॉट बंद. तेव्हाच्या कितीतरी मराठी अनुदिन्या तिथेच होत्या. कुणी पावसावर कविता टाकली होती, कुणी पुरणपोळीची कृती, ती सगळी एका रात्रीत राष्ट्रीय सुरक्षेला धोका ठरली. पण हसू आवरतं, कारण स्फोटानंतर लोकांना आपली माणसं शोधायला मदत करणारी 'मुंबईहेल्प' ही अनुदिनीही ब्लॉगस्पॉटवरच होती.

या वेळी फरक काय पडला ते बघा. काहींना ब्लॉग दिसत होते, काहींना नव्हते. पुण्याचा म्हणतोय माझं उघडतंय, दिल्लीची म्हणतेय माझं नाही. एकमेकांना विचारून लोकांनी कोणत्या कंपनीचं बंद आणि कोणत्या कंपनीचं चालू याची यादी केली, त्यातून कळलं की हा बिघाड नव्हे, आदेश आहे. आदेशाचा कागद बाहेर आला, वर्तमानपत्रांत छापून आला, आणि आठवड्याभरात खात्याने कंपन्यांना सांगितलं की यादीत होतं तेवढंच अडवा. १९९९ ला जे कळायला मार्ग नव्हता ते २००६ मध्ये चार दिवसांत कळलं. दारं अनेक असण्याचा हा फायदा मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही, डोळ्यांनी पाहिला.

दारं अनेक असली की झालं, असं मात्र नाही. इजिप्तमध्ये कंपन्या अनेक होत्या. २७ जानेवारी २०११ च्या मध्यरात्रीनंतर सरकारच्या हुकमाने एकामागून एक सगळ्या बंद पडल्या, नूर नावाची एक कंपनी तेवढी चार दिवस टिकली. पण बंद झालेलं जगाला दिसलं, आणि कुणी कधी मान तुकवली तेही दिसलं. त्याउलट ब्रह्मदेशात २००७ मध्ये भिक्षूंचा मोर्चा चिरडताना लष्कराला फक्त दोन कंपन्यांना सांगावं लागलं. कंबोडियाने तर फेब्रुवारी २०२१ मध्ये देशाचं सगळं इंटरनेट एका राष्ट्रीय दारातून नेण्याचा फतवाच काढला. वर्षभरात अंमल व्हायचा होता, तो ऐन वेळी पुढे ढकलला. आणि आपण तरी काय सांगावं! ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरचं इंटरनेट बंद झालं, १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध करायला हवेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही असं सांगितलं, तरी वेगवान इंटरनेट परत यायला फेब्रुवारी २०२१ लागला.

सरकारचा हेतू अगदी गंगाजळासारखा आहे असं धरून चालू. तरीही कुदळीचं काय करायचं? मार्च २०११ मध्ये जॉर्जियातली एक पंचाहत्तरीची आजी भंगारातलं तांबं शोधत जमीन खणत होती. तिची कुदळ एका केबलीवर पडली आणि शेजारच्या आर्मेनिया देशाचं इंटरनेट काही तास बंद! तिने म्हणे सांगितलं की इंटरनेट म्हणजे काय तेच मला माहीत नाही. ७ जुलै २०२५ ला कैरोतल्या रामसेस टेलिफोन एक्स्चेंजच्या सरकारी इमारतीला आग लागली. चार कर्मचारी गेले, फोन आणि इंटरनेट कोलमडलं, दुसऱ्या दिवशी शेअर बाजार उघडला नाही. एका इमारतीत देशाचं इतकं काही कोंबलं होतं, हे लोकांना धूर दिसल्यावर समजलं. आपल्याकडेही समुद्रातून येणाऱ्या बहुतेक केबली वर्सोव्याच्या किनाऱ्यावर चार-सहा किलोमीटरच्या पट्ट्यात वर येतात. तिथे कोळी बांधवांच्या होड्या रोज ये-जा करतात. मालक वेगवेगळे झाले तरी उंबरा एकच राहिला, यावर कुणी फारसं बोलत नाही.

आमच्याकडचं सांगायचं तर रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र मुकं होतं. वहिनी एका महिन्यात दोनदा पिशवी रिकामी घेऊन परत आली. तांदूळ गोदामात होता, दुकानदार समोर होता, वहिनीचा अंगठाही तिच्याच हाताला होता, फक्त त्या तिघांमधली तार तुटली होती. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा लोक थंडीत घराबाहेर झोपत होते. रात्री धक्का बसला की मी इथून फोन लावायची. दादा एका फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवतो, ते तेव्हापासून. एक लागलं नाही तर दुसरं. हे त्याच्या "एक नळ, एक चावी"मध्ये कसं बसतं ते त्यालाच विचारा.

आता गडचिंचल्याकडे येते, कारण दादा शेवटी तिथेच येतो. ती अफवा परदेशातून आली नव्हती. इथल्याच बोलीत, इथल्याच माणसांनी, एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर नेली, फोनवरून आणि तोंडानेही. आणि फोनवरचे निरोप हल्ली कुलूपबंद जातात. वेशीवरच्या राखणदाराला त्यातला खोटा कोणता, खरा कोणता दिसतच नाही. त्याला एवढंच करता येईल, की सगळेच निरोप बंद. म्हणजे ती अफवा खोटी आहे हे सांगणाराही मुका.

या मुलखात इंटरनेट नसताना काय झालं होतं ते दादाला मी आठवण करून दिली, आजोबांच्या तोंडून आम्ही दोघांनी ऐकलंय. १९४५ मध्ये वारली मजूर गवतकापणीची वाढीव मजुरी मागत संपावर होते. १० ऑक्टोबरला तलवाड्याला बातमी पसरली की गोदावरी परुळेकरांची सभा आहे, काठ्या घेऊन जमा. गोदाराणीने बोलावलं म्हटल्यावर हजारो माणसं जमली. तिने बोलावलंच नव्हतं. निरोप जमीनदारांच्या बाजूने सोडलेला, आणि इकडे पोलिसांना सांगितलं की वारली दंगलीला जमताहेत. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये ते दिवस लिहून ठेवलेत. त्या दिवशी निरोपाची वाट ज्यांच्या हातात होती, ते दोन्हीकडे आपल्याला हवं ते सांगू शकले. जमलेल्यांपैकी कुणाजवळही गोदाताईंना विचारायचं साधन नव्हतं, बाई, खरंच बोलावलंय का?

हे मी फोनवर सांगितलं तेव्हा दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण गडचिंचल्याला तर फोन होते. तिथे कुणी कुणाला विचारलं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. टाळेबंदी होती, भीती होती, रात्र होती, पोलीस हजर असून काही करू शकले नाहीत. एवढं मात्र त्याला म्हटलं, की ज्याला ती रात्र थांबवता आली असती तो माणूस गडचिंचल्याच्या चौकीवर हवा होता, प्रभादेवीच्या इमारतीत नव्हे. दादाला हे पूर्ण पटलेलं नाही. दिवाळीत मी कैनाडला जाणार आहे, तेव्हा वाद पुढे चालू होईलच. वहिनीने आत्ताच बजावलंय, जेवताना हा विषय काढायचा नाही.